पेशकारअप्पांचं कोर्ट

पेशकारअप्पांना 'वाटतं' हा शब्द चालत नसे. जेवायच्या वेळी कुणी म्हटलं, "अप्पा, आज लई भूक लागल्यासारखी वाटायलीय," की ते हातातलं ताट खाली ठेवून विचारायचे, "लागलीय का वाटायलीय?" लागली असेल तर भाकरी मिळे. नुसती वाटत असेल तर तांब्याकडं बोट. आम्ही पाच जण त्यांच्या घरात वर्षभर राहिलो आणि तेवढ्या काळात आमच्या बोलण्यातून 'बहुतेक', 'असेल', 'लोक म्हणतात' हे सगळं गळून गेलं. पुढं वकिली करताना मला त्याचा फार उपयोग झाला. संसारात तितका झाला नाही.

ते गुलबर्ग्याच्या मुन्सफ कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशापुढं कागद मांडायचा, दोन्ही बाजूंचं लिहिलेलं वाचून दाखवायचं, आणि आपण मधे एक शब्द बोलायचा नाही, हे त्यांचं काम. उभा जन्म त्यांनी ते केलं आणि पेन्शनीत आल्यावर न बोललेले सगळे शब्द आमच्या वाट्याला आले. मूळ गाव आळंदजवळचं निंबर्गा. देवाशी ते कन्नडात बोलत, आमच्याशी मराठीत, आणि कायद्याची गोष्ट निघाली की उर्दूत. त्यामुळं आतल्या खोलीतून कुठली भाषा ऐकू येते त्यावरून घरात पूजा चाललीय, गप्पा चालल्यात की कुणाची चौकशी चाललीय ते आम्हाला कळायचं.

अंगात कायम काळी शेरवानी. वैशाखातसुद्धा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली. भाजी आणायला जातानाही तीच. मेथीची जुडी ते अशी धरत, जशी एखाद्या खटल्यातली जप्त वस्तू.

आमची त्यांची पहिली गाठही मेथीच्या जुडीसकट पडली. मी तेव्हा गुलबर्ग्याच्या सरकारी कॉलेजात होतो. विद्यापीठ हैदराबादला, आणि इथं त्याचं इंटरपर्यंतचं कॉलेज. सगळं शिक्षण उर्दूत. राजेश्वरसारख्या खेड्यातून आलेला मी आमच्या घरातला पहिलाच, तालुक्याच्या पुढं शिकायला गेलेला. अफजलपूरचा शरणू माझा खोलीतला सोबती. त्याचा आवाज मोठा, आणि भीती कशाला म्हणतात ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. एका संध्याकाळी वसतिगृहातल्या प्रार्थनेत त्यानं बंदी असलेलं गाणं सुरू केलं. आम्ही चौघं त्याच्या मागं गायलो. खरं सांगायचं तर मला त्या गाण्याचं पहिलंच कडवं येत होतं. पुढं मी नुसतं तोंड हलवत होतो. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही पाच जण ट्रंकांसकट वसतिगृहाबाहेरच्या लिंबाखाली बसलो होतो.

शहरात कुणी खोली देईना. खुफिया पोलीस दारात येऊन बसतील ही भीती. दुपार चढली तसे अप्पा समोरून आले, थांबले, आणि आमचं नाव-गाव न विचारता म्हणाले, "कागद दाखवा."

शरणूनं नोटीस दिली. त्यांनी ती उन्हात उभं राहून दोनदा वाचली. मग मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"यात तुमचं बयान कुठंय?"

बयान, म्हणजे जबानी, कुणी घेतलंच नव्हतं, असं आम्ही सांगितलं.

"गाणं म्हणलात का?"

"व्हय," शरणू म्हणाला.

"ते चुकलंच. बंदी हाय म्हणल्यावर म्हणू नये. पण विचारल्याबिगर शिक्षा?" त्यांनी कागद घडीवर घडी घालून परत दिला. "उचला ट्रंका."

आमचा आवेश, आमचं गाणं, आमचा देश, यातलं त्यांना काहीही नको होतं. त्यांना फक्त ती नोटीस सहन झाली नव्हती. घरात समोरच्याच भिंतीवर हुजूरांची, म्हणजे हैदराबादच्या गादीवरच्या आमच्या राजाची, तसबीर होती. सकाळी पूजा झाली की इष्टलिंग गळ्यात घालून ते आधी तिला सलाम करत आणि मग चहा घेत. शरणू त्यांच्याशी रोज भांडायचा. प्रजेच्या हाती कारभार यायला पाहिजे, असं तो म्हणायचा. अप्पांचं म्हणणं असं की हुजूर न्यायीच आहेत, फक्त मधल्या कारकुनांनी कागद वर जाऊ दिलेला नाही. एवढ्या वर्षांत एकही कागद वर कसा गेला नाही, हे शरणूनं विचारलं की अप्पा म्हणत, "तपास चालू हाय."

माळवदाच्या त्या घरात रोज संध्याकाळी कोर्ट भरायचं. अप्पा धान्याच्या पेटीवर बसत आणि पुकारा स्वतःच करत, "हाजिर है?" तीनदा. आरोपी दोन हातांवर बसलेला असला तरी तीनदा. शेंगाच्या चटणीचा खटला माझ्यावर चालला. चटणीचा डबा दुपारी भरलेला होता आणि संध्याकाळी अर्धा झाला. साक्षीदार म्हणाला, यानंच खाल्ली असावी. 'असावी' म्हटल्याबद्दल आधी साक्षीदाराला विहिरीचं दहा घागरी पाणी. मग माझ्या मिशीत तिखट सापडलं आणि मला वीस. दुधाच्या खटल्यात आरोपी मांजर होतं. ते तीन संध्याकाळी पुकारूनही आलं नाही, तेव्हा अप्पांनी खटला तहकूब केला; गैरहजेरीत शिक्षा देणं त्यांना पटत नव्हतं.

त्यांच्या कोर्टाची हुकमत फक्त एका माणसावर चालत नसे. त्यांची बायको, आमच्या अव्वा. त्यांना साक्षीला बोलावलं की आतून कन्नडात उत्तर यायचं की दूध उतू जायलंय. दूध कधीच उतू गेलेलं नसे. अप्पा नोंद करत, "साक्षीदार कामात आहे."

एकदा मात्र त्यांनी शरणूच्या थोबाडीत मारली. शरणू हुजूरांच्या तसबिरीविषयी काही बोलला होता. त्या संध्याकाळी कोर्ट भरलं ते उलटं. अप्पा खाली जमिनीवर बसले आणि मला म्हणाले, पेटीवर बस. मी नको म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही. मी तीनदा पुकारा केला, आवाज चिरकत होता. त्यांनी गुन्हा कबूल केला. भडकवलं होतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "भडकवलं होतं. पण हात माझा." मी भीत भीत पाच घागरी म्हणालो. ते माझ्यावर रागावले. वीस चटणीला आणि पाच थोबाडीला, हा कुठला न्याय? मग त्यांनी शेरवानी काढून दोरीवर टाकली आणि पंचवीस घागरी ओढल्या. त्यांना शेरवानीशिवाय आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. माणूस फार बारीक होता. शेवटच्या घागरीला शरणू न राहवून पुढं झाला तर म्हणाले, "बाजूला हो. शिक्षा वाटून घेता येत न्हाई."

तोवर आमची पत्रकं सुरू झाली होती. कॉलेजनं आमच्यावर केलेला अन्याय, आणि त्याच्या आडून राज्यकारभाराबद्दल चार शब्द. पातळ कागदांमधे कार्बन घालून आम्ही ती हातानं लिहायचो. उर्दू, मराठी, कन्नड तिन्हीत. एक दिवस अप्पांना जिन्यात एक पत्रक सापडलं. आता ट्रंका उचलाव्या लागणार, असं आम्ही धरून चाललो होतो. ते चष्मा लावून वाचत बसले आणि मग शरणूला हाक मारली.

"हे 'जालिम' कुणी लिहिलं?"

"मी."

"शाबित करता येतंय? न्हाई. मग खोड. 'बयान न घेता पाच विद्यार्थ्यांस शिक्षा केली' असं लिही. हे कुणाच्या बापाला खोडता येणार न्हाई." आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून, "ह्या ओळीला सहा महिने पडतात. काढून टाक."

त्यानंतर प्रत्येक पत्रक त्यांच्या नजरेखालून जाऊ लागलं. शिव्या गेल्या, हकिगत उरली, आणि शहरात लोक ती वाचू लागले. आपण चळवळीत शिरलोय हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. ते म्हणायचे, मी फक्त कागद दुरुस्त करायलोय.

पोलीस आले ते भर दुपारी. अमीन, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, त्यांचा लिहिणारा मुन्शी आणि दोन शिपाई. पत्रकांचा ताजा गठ्ठा स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागं होता. आम्हाला पोलिसांची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अप्पांची होती. ते खोटं बोलत नसत. अमीननं सरळ विचारलं असतं तर त्यांनी सरळ डबा दाखवला असता.

अमीन बिचारा अदबीनं वागला. नोकरीच्या सुरुवातीला तो अप्पांच्या कोर्टात साक्षी द्यायला यायचा आणि अप्पांनी त्याची उर्दू दुरुस्त केलेली होती. त्यांनी त्याला बसवलं, झडतीचा हुकूम मागून घेतला, वाचला, बरोबर आहे म्हणाले. मग विचारलं, पंच कुठंयत? पंच नव्हते. झडतीला मोहल्ल्यातले दोन प्रतिष्ठित लोक लागतात, असं अप्पांनी सांगितलं. शिपाई शोधायला गेले. पहिला पंच झोपेतून उठवून आणला. दुसरा आला तो अप्पांना प्रतिष्ठित वाटेना. तो बदलावा लागला.

मग यादी सुरू झाली. घरात काय काय आहे ते आधी लिहा, नंतर काय सापडलं ते लिहा, म्हणजे भांडण नको, असं अप्पांचं म्हणणं. मुन्शी लिहू लागला. सागवानी दार एक. कडी पितळी. कोनाडे दोन, पैकी एक रिकामा. दोरी, कपडे वाळवण्याची, गाठ मारलेली. अमीन घाम पुसत म्हणाला, पेशकारसाब, दोरी कशाला? अप्पा म्हणाले, उद्या दोरी गेली तर तुमच्या शिपायावर आळ नको.

एवढ्यात आत भाकऱ्या थापल्याचा आवाज सुरू झाला. दुपारी तीन वाजता. घरातली जेवणं कधीच झालेली. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. धूर नेहमीपेक्षा जास्त होता, आणि अधूनमधून चुलीत काहीतरी भसकन पेटायचं. अव्वा एकामागून एक भाकरी तव्यावर टाकत होत्या. अप्पांची यादी माजघरात आली, धान्याच्या पेटीवर बराच वेळ थांबली आणि शेवटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पोचली. तिथं बूट काढण्यात पुन्हा वेळ गेला. अव्वांनी अमीनला पिठाचा डबा स्वतः पुढं करून दाखवला. मागं भिंत होती.

आल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही म्हणून अव्वांनी सगळ्यांना पानं मांडली. अमीन, मुन्शी, शिपाई, दोन्ही पंच, सगळे ओळीत बसले. आमच्या पत्रकांच्या जाळावर भाजलेल्या भाकऱ्या शेंगाच्या चटणीबरोबर पोलिसांनी पोटभर खाल्ल्या, आणि एका शिपायानं तिसरी मागून घेतली.

जाता जाता अमीननं तो प्रश्न विचारलाच. उर्दूत, कोर्टातल्यासारखा. या घरात कुठला आक्षेपार्ह कागद आहे काय?

 अप्पांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. अव्वा राख ओढत होत्या.

"इस वक्त, मेरे इल्म में, नहीं."

मुन्शीनं ते लिहून घेतलं. ते गेल्यावर आम्ही हसून हसून लोळलो. शरणूनं अव्वांचे पाय धरले. अप्पा मात्र धान्याच्या पेटीवर बसून राहिले. संध्याकाळी कोर्ट भरलं नाही. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "असला कागद परत घरात आणू नका. असलं खरं मला दुसऱ्यांदा बोलता येणार न्हाई."

आम्ही आणला नाही. पत्रकं पुढं दुसरीकडून निघाली.

अप्पांनी मग आपल्या मार्गानं लढायचं ठरवलं. आमच्या वतीनं विद्यापीठाकडं अपील लिहिलं आणि ते टपालानं न पाठवता स्वतः हैदराबादला घेऊन गेले. तीन दिवस कचेरीच्या व्हरांड्यात बसून अधिकाऱ्याच्या हातात देऊन आले. आता कागद वर गेला, असं ते आल्यावर शरणूला म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की शरणूसुद्धा काही बोलला नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं. अपिलातल्या एकाही मुद्द्याला जबाब नव्हता. सोबत पाच छापील माफीनामे होते. सही करणाऱ्याला परीक्षेला बसू देऊ, न करणाऱ्याला विद्यापीठाचं कुठलंच दार उघडणार नाही. अप्पांनी ते पुन्हापुन्हा उलटून पाहिलं. त्या दिवसापासून त्यांचा सकाळचा सलाम चुकला नाही, पण चहा आधी होऊ लागला.

शरणूनं आपला माफीनामा तिथंच फाडला. बाकी तिघांनीही. मी माझा ट्रंकेत ठेवला. सावकाश फाडू, असं म्हणालो.

चार दिवसांनी माझे वडील आले. राजेश्वरहून हुमनाबादपर्यंत पायी आणि पुढं मोटारीनं. बरोबर गुळाची ढेप. त्यांना कुणीतरी कळवलं होतं. ते ओट्यावर बसले, शरणूनं दिलेलं पाणी प्याले, त्याच्या गावचं विचारलं, भीमेला पाणी किती म्हणून विचारलं. मग माझ्याकडं वळले. रागावले नाहीत. त्यानं जास्त अवघड झालं. म्हणाले, "एक सही तर हाय बाबा. माझा अंगठा किती कागदावर उठलाय, माझं काय झिजलं? तू तहशिलीत खुर्चीवर बसल्यालं मला बघायचंय."

मी ट्रंकेतून माफीनामा काढला. इतका लगेच काढला की शरणूनं मान फिरवली. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा होती. वडिलांनी अप्पांना हात जोडले, तुम्हीच साक्ष घाला म्हणाले.

अप्पांनी मला अडवलं असतं तर मी कदाचित भांडलो असतो. त्यांनी दौत-टाक आणून माझ्यापुढं ठेवला आणि चष्मा लावला. "लिहून देणाऱ्याला आणि त्याच्या बापाला वाचून दाखवल्याबिगर मला साक्ष घालता येत न्हाई," एवढं सांगितलं, आणि ते उर्दू एकेक वाक्य मराठी करून वाचू लागले. तोच कोर्टातला आवाज, ना चढ ना उतार. मी गुन्हा केला. मला त्याची शरम वाटते. पुन्हा करणार नाही. वडील प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मी टाक शाईत बुडवला.

"यापुढं असलं कृत्य करणाऱ्यांची नावं मी आपण होऊन प्रिन्सिपॉलसाहेबांना कळवत जाईन."

वडिलांची मान थांबली. "ह्ये परत वाचा."

अप्पांनी परत वाचलं.

"कुणाची नावं?"

"याला जी माहीत होतील ती."

वडिलांनी दाराकडं पाहिलं. शरणू तिथं पाठमोरा बसला होता. "ह्या पोराचंबी?"

"कागदात तसं हाय. मी पदरचं काही सांगत न्हाई."

 वडील उठले, मुंडाशाचं टोक खोचलं. "मला वाटलं नुसती माफी हाय. माफी मागायला काय, मी पाटलाची धा येळा मागितली. पर पानी पाजल्याल्या पोराचं नाव सांगायचं? ह्ये न्हाई जमायचं." मग माझ्याकडं न बघता, "चल. सोलापूरला कालेज हाय म्हणत्यात. न्हाईतर नांगर हाय."

अप्पांनी कागदाची पहिली होती तशी घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मला एक शब्द बोलले नाहीत. वडिलांना मात्र म्हणाले, "जेवूनच जायचं," आणि मग, "भूक लागलीय का?" वडील म्हणाले, लागल्यासारखी वाटायलीय.  अप्पांनी स्वतः उठून ताट आणलं.

मी त्याच आठवड्यात वडिलांबरोबर हुजूरांच्या राज्याबाहेर, सोलापूरला गेलो. वर्ष बुडालं, पण शिक्षण झालं. शरणू पुढं दोनदा तुरुंगात गेला. हुजूरांचं राज्य गेलं त्याच्या आदल्या साली अप्पा वारले. शरणूच्या पत्रातून कळलं. अव्वा निंबर्ग्याला अप्पांच्या भावाकडं गेल्या होत्या.

राज्य गेल्यावर राजेश्वरच्या शाळेत माझा सत्कार झाला. मी भाषण केलं. बंदी असलेलं गाणं, वसतिगृहाबाहेरचा लिंब, पोलिसांनी खाल्लेल्या भाकऱ्या, सगळं रंगवून सांगितलं. भाकऱ्यांना लोक फार हसले. शेवटी मी म्हणालो की माफीनामा समोर आला, पण मी सही केली नाही. टाळ्या पडल्या. वडील पुढच्या रांगेत सतरंजीवर बसले होते. त्यांनीही वाजवल्या.

घरी परतताना गळ्यातला हार मी हातात घेतला होता. वडील शेजारून चालत होते. मग म्हणाले, "समदं सांगितलास. त्या अप्पांनी कागद वाचल्यालं तेवढं राहिलं."

वेळ कमी होता, असं मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "आन् तू टाक बुडवल्यालंबी राहिलं."

पुढं ओढा होता. त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि माझ्या आधी पाण्यात उतरले.